पाणी बाधलं

फलटणात एखाद्या गाडीचा सायलेन्सर फुटला, की ती बातमी मालकाला सगळ्यांत शेवटी कळते. आधी नाना पाटील चौकात उभ्या असलेल्यांना कळते, मग गल्लीतल्या कुत्र्यांना, मग दुपारची झोप मोडलेल्या म्हाताऱ्यांना. मालक काचा वर करून, गाणी लावून येत असतो. आवाज कानावर येतो, पण तो शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा असणार अशी त्याची समजूत. उसाच्या हंगामात तर ही समजूत आठ-पंधरा दिवस सहज टिकते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि त्याच्यावर लावलेली गाणी, यांच्यापुढं एका मारुतीचं भडभडणं ते काय! शेवटी कुणीतरी हात करून थांबवतं आणि सांगतं, "आवं, सायलेन्सर गेलाय तुमचा. आख्ख्या मलठणाला ऐकू येतंय."

तेव्हा कुठं माणूस पहिल्यांदा वाकून गाडीखाली बघतो.

गाडीतल्या बाकीच्या मंडळींना मानपान आहे. इंजिनाला ऑइल, टायरला हवा, काचेला फडकं. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवतात, स्टिअरिंगलासुद्धा हळदकुंकू लागतं. सायलेन्सरला कुणी फूल वाहिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. त्याच्या वाट्याला चिखल, खडी, गावोगावच्या स्पीडब्रेकरचे खरवडे. आणि त्याच्या मोटारसायकलवरच्या भावानं लहानपणी पोटरीला दिलेला चटका, ज्याचा डाग आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या पायावर अजून असेल.

हा गडी सोशिक आहे, असं म्हणायची आपल्याकडं रीत आहे. मला ते पटत नाही. सोशिक माणूस कुरकुरत नाही. हा महिनोन्महिने कुरकुरत असतो, फक्त ऐकणारं कुणी नसतं. सकाळी गार इंजिन सुरू केलं की पुढच्या जोडावर टकटक करतो. स्पीडब्रेकरवर आतला सुटलेला पत्रा खुळखुळवतो. एखादं रबर तुटलं की तिरका होऊन मागच्या बंपरला घासायला लागतो. एवढं सगळं करून पाहिल्यावर मग तो फुटतो.

दिसतो तो फार थोडा. बंपरखालून डोकावणारं नळीचं टोक म्हणजे सायलेन्सर, असं पुष्कळांना वाटतं. खरा पसारा इंजिनापासून सुरू होतो. तिथून निघणारी नळी, तिच्यात धक्के खाण्यासाठी विणलेला लवचिक तुकडा, मग एक फुगीर पेटी, मग लांबलचक सरळ नळी, मग मागच्या चाकांच्या आसपास तो लंबगोल डबा आणि शेवटी टोक. हे सगळं गाडीच्या पोटाला रबरी कड्यांनी टांगलेलं असतं. घट्ट ठोकलेलं नसतं, कारण ठोकून चालत नाही. इंजिन सारखं हलत असतं आणि तापल्यावर ही नळी इंजिनापासून शेपटापर्यंत मिळून ८-१० मिलिमीटर लांब होते. तिला हलायला, वाढायला जागा हवी. ती नाही मिळाली तर कुठला तरी जोड तडकणार.

आणि काम? आमच्या ३ सिलिंडरच्या मारुती ८०० चं उदाहरण घेतो, कारण ती दारातच आहे. गाडी जागच्या जागी घुरघुरत असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण ९०० फेऱ्या घेतं. चार ठोक्यांचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांना तीन स्फोट. मिनिटाला १३५०, सेकंदाला २२. प्रत्येक स्फोटानंतर झडप उघडते आणि आत दाबून धरलेला तापलेला वायू एकदम बाहेर झेपावतो. आवाज त्या झेपेचा असतो. सायलेन्सर तिला अडवत नाही. अडवलं तर इंजिन गुदमरून बंद पडेल. तो तिला फिरवतो. डब्यात दोन-तीन खोल्या असतात, त्यांतून भोकं पाडलेल्या नळ्या उलटसुलट नेलेल्या असतात. वायू अरुंद नळीतून मोठ्या खोलीत येतो, पसरतो, भिंतीवर आपटून मागं फिरतो. मागं फिरलेली लाट पाठोपाठ येणाऱ्या लाटेला भिडते आणि एकीचा चढ दुसरीच्या उतारात जिरतो. जे बाहेर पडतं ते उरलंसुरलं.

हे डोकं अगदी सुरुवातीला लढवणाऱ्यांत अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले दोन भाऊ होते, मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज. कोलंबस नावाच्या गावात त्यांचा कप्प्यांचा कारखाना. १८९६ साली मिल्टननं मोटार बनवली, ती इतकी ओरडायची की रस्त्यावरचे घोडे उधळायला लागले. म्हणून दोघांनी आवाज मारायचा डबा केला आणि १८९७ च्या मे महिन्यात त्याचं पेटंट घेतलं. याच मिल्टनरावांनी पुढं १९११ साली आठ चाकांची मोटार काढली. ती काही चालली नाही. आठ चाकं कुणाला नको होती, डबा मात्र सगळ्यांना हवा होता.

आता गंमत बघा. त्याच कोलंबस गावात १९१९ साली कमिन्स ही इंजिनाची कंपनी निघाली. कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या घराण्याशी भागीदारी करून ती १९६२ साली पुण्यात कोथरूडला आली, आणि पुढं आमच्या फलटण तालुक्यात सुरवडीच्या बाजूला तिनं मोठा थोरला कारखाना टाकला. रोज सकाळी फलटणातली पोरं निळ्या-पांढऱ्या बसमधून नाहीतर मोटारसायकलवरून तिकडं कामाला जातात. त्यांच्या मोटारसायकलखाली लटकलेल्या डब्याचं मूळ गाव आणि त्यांच्या कंपनीचं मूळ गाव एकच आहे, हे त्यांतल्या कितीजणांना माहीत असेल कुणास ठाऊक. मला कळलं तेव्हा उगाचच आनंद झाला. पाहुणे लांबचे निघाले तरी निघाले.

तर, हा मरतो कशानं?

दहाजणांना विचारलं तर नऊजण सांगतील, तापून तापून. साहजिक आहे. एवढी आग रोज अंगावर घेतो म्हटल्यावर जळूनच जाणार. पण आग त्यानं कधीच पचवलेली असते. त्याला बाधतं ते पाणी. तेही बाहेरचं नाही, आतलं.

पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. जळताना या हायड्रोजनची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि पाणी तयार होतं. किती, तर १ लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ १ लिटर पाणी. फलटणच्या माणसाला हे सांगून पटत नाही. सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाच्या पलीकडचा हा मुलूख. तालुक्याचा काही भाग नीरा उजव्या कालव्यावर हिरवा झालेला, उरलेला अजून आभाळाकडं बघणारा. इथं पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. अशा ठिकाणी गाडी लिटरला लिटर पाणी काढते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मग ते जातं कुठं?"

वाफ होऊन जातं. थंडीत सकाळी टोकातून पांढरा धूर निघतो आणि खाली दोन-चार थेंब ठिपकतात, तेच ते. सगळंच्या सगळं असं निघून गेलं तर काही बिघडत नाही. गाडी फलटणहून निघून लोणंद, नीरा, जेजुरी करत पुण्याला गेली, तर शेवटचा डबासुद्धा चांगला कडकडीत तापतो आणि आत थेंब शिल्लक राहत नाही. पण फलटणातली गाडी जाते कुठं? लक्ष्मीनगरातून शाळेत, शाळेतून बाजारात, फार तर कोळकीला पाहुण्यांकडं. दोन-तीन किलोमीटर. एवढ्यात पुढची नळी तापते, मागचा डबा नुसता कोमट होतो. वाफ तिथवर येते, गार होते आणि तळाशी बसते. एका फेरीला पेलाभर पाणी तयार होतं. त्यातलं बरंच बाहेर जातं, पण जे राहतं ते दुसऱ्या दिवशीच्या पाण्याला भेटतं. त्यात धुरातलं गंधक आणि नत्र मिसळून सौम्य आम्ल होतं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चं पेट्रोल आलं, त्यात गंधक दहा लाखांत १० भागांवर आलं. त्याआधी ते ५० होतं. म्हणजे आम्ल उतरलं. पाणी आहे तेवढंच आहे.

त्यामुळं होतं असं, की रोज पुण्याची भाडी मारणाऱ्या, चिखलानं माखलेल्या, कधी न धुतलेल्या जीपचा सायलेन्सर वर्षानुवर्षं टिकतो. आणि निवृत्त मास्तरांची, दारात झाकून ठेवलेली, रोज फडक्यानं पुसली जाणारी, देवळापर्यंत जाऊन परत येणारी गाडी खालून कुजत जाते. जपून वापरली, एवढाच तिचा गुन्हा.

गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून पुष्कळ गाड्यांच्या मागच्या डब्याला तळाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, काडेपेटीतली काडी जाईल एवढं. साचलेलं पाणी तिथून ठिपकावं म्हणून. आपल्याकडं त्या भोकाचं काय होतं? कुणीतरी खाली वाकतं, भोकातून धुराची बारीक रेघ निघताना बघतं, "लीक आहे" म्हणतं आणि वेल्डिंगचा एक ठिपका मारून ते बुजवून टाकतं. वर त्याचे पैसे घेतं. दुखणं नव्हतं ते सुरू होतं.

ट्रॅक्टरवाला मात्र पाण्याच्या बाबतीत हुशार. त्याचा सायलेन्सर उभा, तोंड आभाळाकडं. म्हणून रात्री त्याच्यावर एक रिकामा डबा पालथा घालतात. सकाळी तो काढायचा विसरला की पहिल्याच ठोक्याला डबा हवेत उडतो आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघते. पण ही सगळी काळजी पावसाच्या पाण्याची. आतल्या पाण्यावर कुणाचा विश्वासच नाही.

आता बदलायचा कसा ते सांगतो. ज्याच्याकडं लिफ्ट आहे त्याला हे काम म्हणजे चहा गार व्हायच्या आतलं. गाडी वर जाते, माणूस खाली उभा राहतो, मान वर करून पाना लावतो. एसटीच्या आगारात लिफ्टऐवजी लांब खड्डे असतात. बस वर उभी, मिस्त्री खाली उभा. आमच्याकडं वाडीवस्तीवर पूर्वी काहीजण कोरड्या पोटचारीचा उपयोग करायचे. दोन्ही काठांवर चाकं घालून गाडी चारीवर उभी करायची आणि आपण चारीत उतरायचं. सोय उत्तम, फक्त कालव्याचं आवर्तन सुटलं की गॅरेज बंद.

घरी यातलं काहीच नसतं. मारुतीच्या पोटाखाली वीतभरही जागा नाही. मग उताणं पडणं आलं. आणि मला वाटतं, सायलेन्सरशी ओळख व्हायची ती अशीच होते. उभ्या माणसाला तो फक्त ऐकू येतो.

आमच्या गल्लीतल्या आबांची हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली. आमच्या मारुतीचा सायलेन्सर फुटला तेव्हा त्यांना बोलावलं, तर ते पाना घेऊन आले नाहीत, लोखंडी घोडी घेऊन आले. दोन. खुर्ची मागितली, चाफ्याखाली बसले आणि कामाला लावलं ते मला.

"गाडी गार हाय का?"

"रात्रीपासून उभीच आहे, आबा."

"मग हँडब्रेक वढ. पहिल्या गिअरात घाल. पुढच्या दोन्ही चाकांना दगड लाव, पुढनंबी आन् मागनंबी."

जॅकनं मागची बाजू उचलली. मी लगेच खाली सरकायला लागलो, तशी खुर्चीतून हाक आली, "ए! आधी घोडी लाव, मग मुंडी घाल. जॅक उचलायला असतोय, झोपायला न्हाई." घोडी कुठं लावायची तर कंपनीनं जॅकसाठी जिथं पत्रा दुहेरी केलाय तिथंच. बांधकामाचे चार सिमेंटचे ठोकळे कोपऱ्यात पडले होते, ते रचले तर चालतील का, असं मी विचारलं. आबा म्हणाले, "लाकूड मोडताना करकरतंय, माणसाला सांगतंय. ठोकळा सांगत न्हाई." स्टेपनी काढून बाजूला दाराखाली आडवी सरकवायला लावली, सगळं चुकलंच तर गाडी चाकावर बसावी म्हणून. मग गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवायला लावलं. हलली नाही. तेव्हा परवानगी मिळाली.

खाली गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की गंज पडतो तो थेट डोळ्यांत. चश्मा हवाच, वेल्डिंगवाल्याचा नको, पांढऱ्या काचेचा. दुसरी गोष्ट, पाना फिरवायला जागाच नसते. मनगट एवढं एवढं हलतं. आणि तिसरी, जी चाकी सोडवायची ती चाकी राहिलेलीच नसते. सहा बाजू होत्या तिथं एक गोल तांबडा गोळा. लोखंड गंजलं की फुगतं. बोल्टाच्या आट्यात आणि चाकीच्या आट्यात जी केसाएवढी फट असते ती गंजानं भरून जाते आणि दोघांचं एकच लोखंड होतं. १२ चा पाना लावावा तर सैल पडतो, ११ चा बसतच नाही.

आदल्या रात्री तिथं डिझेल सोडून ठेवलं होतं. त्यानं एक चाकी ऐकली. ती सोडवायची रीतही आबांनी सांगितली, उलटी: "आधी जरा आवळ. कट्ट वाजलं की मग सोड." खरंच कट्ट वाजलं. गंजाची पकड सुटली की चाकी सुटते. ती सुटायच्या आधी सोडायच्या बाजूला जोर लावला तर बोल्ट पिळला जातो. दुसरी चाकी मात्र बधली नाही. पाना घसरला, बोटाची सालं निघाली, तोंडातून जे निघायचं ते निघालं. गॅरेजात अशा वेळी गॅसची ज्योत धरून चाकी लाल करतात. पण पेट्रोलची टाकी मागं जवळच असते, तेव्हा घरी तो उद्योग नको. शेवटी हॅक्सॉ. सबंध हॅक्सॉ तिथं शिरत नाही, म्हणून नुसतं पातं काढायचं, अर्ध्यावर चिंधी गुंडाळायची आणि उताणं पडून, कोपर जमिनीवर टेकवून, इंच इंच ओढायचं. पातं तापतं, छातीवर लोखंडाचा भुसा साठतो, हात भरून येतात. बाहेर आबांचं आणि पेपरवाल्याचं रामाच्या रथाबद्दल बोलणं चाललेलं असतं. रथाचा महिना, मार्गशीर्ष, लागायला आलेला असतो. बोल्ट तुटतो तेव्हा त्याचं काही विशेष वाटत नाही, फक्त आवाज थांबतो.

रबरी कड्या राहिल्या. त्या ओढून निघत नाहीत. त्यांना साबणाचं पाणी लावायचं. ऑइल लावलं तर रबर फुगतं. एकेक कडी पकडीनं सरकवली आणि तो डबा, अर्धी नळी घेऊन, माझ्या छातीशेजारी येऊन पडला. वजन अपेक्षेपेक्षा कमी भरलं. जे जायचं ते आधीच झडून गेलं होतं.

पुढच्या फुगीर पेटीला आम्ही हात लावला नाही. ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ती सक्तीची झाली. २००० सालच्या फेब्रुवारीत देशभर शिशाविना पेट्रोल आलं, तेव्हा ती सगळीकडं पसरायला मोकळी झाली, कारण शिसं तिला निकामी करतं. आत चिनीमातीची वीट, तिला हजारो बारीक नळ्या आणि नळ्यांना प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा हात. विषारी धुराला ती निरुपद्रवी करून सोडते. सायलेन्सरच्या घराण्यात सोनं अंगावर घालणारी ही एकटीच, आणि तिच्यापायी घराण्याची झोप उडाली. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जायला लागले. चोरांना डबा नको असतो, त्यांना आतली 'माती' हवी असते. पोलिसांच्या बातम्यांतसुद्धा मातीच लिहून येतं. इकोच का, तर ती जमिनीपासून उंच, माणूस जॅकशिवाय खाली सरकतो. आम्ही इथं घोडी, दगड, स्टेपनी लावून दुपार घालवतोय आणि ही मंडळी अंधारात येऊन काही मिनिटांत काम उरकून जातात. कारागिरीपुरतं बोलायचं तर मान खाली घालावी लागते.

आणि याच्या उलट दुसरा वर्ग. बुलेटचा चांगला सायलेन्सर पैसे देऊन काढायचा आणि भोंगा लावायचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक वाहनाला, ट्रॅक्टरलासुद्धा, आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. पोलीस अधूनमधून असे भोंगे रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांवरून रोलर फिरवतात, फोटो छापून येतो. मला त्या फोटोत एकच गोष्ट खटकते. रोलरखाली जातो तो भोंगा. काढलेला मूळ सायलेन्सर कुठल्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेला असतो, त्याची विचारपूस कुणी करत नाही.

बाजारात दोन प्रकारचे मिळतात. एक कंपनीचा, एक साध्या पत्र्याचा. साधा बराच स्वस्त. दिसायला दोन्ही सारखे काळे. आबांनी दोन्ही नखानं वाजवून बघायला सांगितलं होतं. आम्ही कंपनीचा आणला, कारण ज्याची गाडी देवळापर्यंतच जाते त्याला स्वस्तातला आणखी लवकर कुजतो, हा हिशेब एव्हाना झाला होता. शिवाय नवं गॅसकेट, नवी रबरं, आणि आबांच्या हट्टापायी पितळी चाक्या. पितळ लोखंडाला गंजून चिकटत नाही. "पुढच्या येळंला कोन आसंल खाली, त्यो दुवा देईल," आबा म्हणाले.

चढवायची रीत उतरवण्यापेक्षा सोपी, पण एक पथ्य आहे. कुठलीच चाकी लगेच आवळायची नाही. आधी सगळं सैल टांगायचं, नळी मध्यावर आहे का, पत्र्याला कुठं टेकते का ते बघायचं, भोवती बोट फिरेल एवढी जागा ठेवायची, मग पुढून मागं आवळत यायचं. घाईनं पुढचा जोड आवळला की शेपूट वाकडं जातं आणि स्पीडब्रेकरवर आयुष्यभर ठोके देतं. तळाचं भोक खालच्या बाजूला आलंय ना, हे आबांनी स्वतः उठून, गुडघ्यावर हात ठेवून, वाकून बघितलं. सकाळपासून ते खुर्चीतून तेवढ्यासाठीच उठले.

जुना डबा भंगारात घालायच्या आधी मी तो उभा चिरला. बघायचंच होतं. वरची बाजू जवळजवळ नवी. आतल्या नळ्यांची भोकं अजून गोल, पत्र्यावर काजळीचा मऊ काळा थर, जळाल्याची खूण कुठं नाही. खालची बाजू नव्हतीच. चिरोट्याच्या पापुद्र्यासारखे पत्र्याचे पदर सुटलेले, हात लावला की गळणारे, आणि पाणी कुठपर्यंत उभं राहायचं त्याची आडवी रेघ स्पष्ट. मधल्या खोलीत गंजाचा चिखल होता, ओला. त्या भोकाच्या जागी वेल्डिंगचा एक नीटनेटका ठिपका होता. तो कधी मारला, कुणी मारला, हे आता कोण सांगणार? तेवढा मात्र शाबूत होता.

इंजिन सुरू केलं तर आधी रंग जळल्याचा वास आणि निळसर धूर. घाबरायचं कारण नाही; नव्या डब्यावरचं तेल आणि रंग पहिल्यांदा तापतात. पण हे अंगणात, उघड्यावर करायचं. बंद शेडमध्ये नाही, कारण या धुरातल्या ज्या वायूनं माणूस मरतो त्याला वास नसतो. फुटक्या नळीचं खरं भय आवाजाचं नाहीच, तिथून हा वायू गाडीत शिरण्याचं आहे. थंडीत काचा लावून जाणाऱ्याला नुसती झोप आल्यासारखी वाटते.

जोडाजवळ हात फिरवून पाहिला, थोडा लांबून. फुसफुस नाही. टोकातून पाण्याचे थेंब पडायला लागले, तळाच्या भोकातूनही एक पडला. आबांनी तो बोटावर घेऊन माझ्यापुढं धरला.

"बग. आता गार झाल्यावर चाक्या परत एकदा आवळ. आन् ही गाडी नुस्ती रामाच्या देवळापत्तूर न्हिऊ नको. आठवड्यातनं एकदा बरडपत्तूर तरी जाऊन ये, चांगली तापू दे."

"बरडला काय काम आहे, आबा?"

"तुला नसंल. तिला हाय."

घरात हा निरोप पोचला तेव्हा बरडला जाण्यायेण्याचं पेट्रोल कुणी घालायचं, असा प्रश्न निघाला. नवा सायलेन्सर की दर आठवड्याचं पेट्रोल, यात स्वस्त काय पडतं, याचा हिशेब कागदावर मांडून झाला आहे. पेट्रोल महाग पडतंय.